ईएफ ६० टक्के, मग धाप का लागते?

२००९ च्या पावसाळ्यात आत्याचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. संध्याकाळी रिपोर्ट घरी आला आणि आम्ही सगळे जेवायच्या टेबलाभोवती तो वाचायला बसलो. आद्याक्षरांच्या त्या गर्दीत ओळखीचं एकच सापडलं: ईएफ, हृदयाच्या पंपाच्या ताकदीचा आकडा. त्यापुढे ६० टक्के. काकांना हार्ट अटॅक येऊन गेला होता, तेव्हा त्यांचा ईएफ ३५ होता. त्यामुळे ६० म्हणजे उत्तम, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईने देवापुढे साखर ठेवली. आत्या मात्र म्हणाली, "मग पर्वती चढताना मला मध्येच बसावं का लागतं?"

पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या ती लग्नाआधीपासून दर रविवारी पहाटे चढायची. गेल्या वर्षभरात आधी एकदा, मग दोनदा आणि शेवटी तीन वेळा बसून वर पोचायची वेळ आली होती. मध्यंतरी एका दवाखान्यात दमा म्हणून तोंडाने ओढायचा पंप दिला होता, तो चार-पाच महिने ओढून झाला. वय ५१. रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नव्हती.

दोन दिवसांनी हृदयविकारतज्ज्ञांनी तोच कागद हातात घेतला आणि ईएफच्या चार ओळी खाली बोट ठेवलं. मायट्रल झडपेचं क्षेत्रफळ ०.९ चौरस सेंटिमीटर. ते म्हणाले, "पंप चांगला आहे हो. पंपाकडे जाणारं दार अरुंद झालंय."

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. त्या रात्री मला काळजी तर होतीच, पण एक प्रश्नही डोक्यातून जाईना. छातीला सुई नाही, चीर नाही. थंडगार जेल लावून एक प्रोब बरगड्यांवर फिरवला आणि आतल्या दाराचं माप ०.९ असं दशांश चिन्हासकट लिहून दिलं. हे कळलं कसं? उत्तर शोधत गेले तेव्हा नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम या गावातल्या एका डॉक्टर बाईंपर्यंत पोचले, लिव्ह हाटले. त्यांनी आयुष्यभर केलेलं काम आज आपल्या घरांतल्या फायलींमध्ये ओळीओळींनी छापलेलं असतं, आणि आपल्याला त्यांचं नाव माहीत नसतं. म्हणून हा लेख.

आधी पंप आणि दार समजून घेऊ. हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा. फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त वरच्या डाव्या कप्प्यात येतं, तिथून मायट्रल झडपेतून खालच्या डाव्या कप्प्यात उतरतं आणि मग महाधमनीच्या झडपेतून सगळ्या शरीरात जातं. खालचा डावा कप्पा हाच मुख्य पंप. तो भरल्यावर त्यात समजा १२० मिलिलिटर रक्त असेल आणि एका ठोक्यात त्यातलं ७० बाहेर गेलं, तर ईएफ झाला ५८ टक्के. ईएफ म्हणजे इतकंच: जेवढं भरलं होतं त्यातलं किती टक्के बाहेर फेकलं. मुळात भरलं किती, भरताना किती त्रास झाला, फेकलेलं रक्त योग्य दिशेलाच गेलं का, यातलं काहीही हा आकडा सांगत नाही.

आत्याच्या हृदयात अडचण भरण्याची होती. निरोगी मायट्रल झडप उघडते तेव्हा ४ ते ६ चौरस सेंटिमीटरची वाट मोकळी होते, दोन बोटं सहज जातील एवढी. तिची वाट शर्टाच्या गुंडीएवढी उरली होती. वरच्या कप्प्यात रक्त तुंबायचं, तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत जायचा आणि फुप्फुसं जड व्हायची. स्वस्थ बसलेली असताना निभायचं, कारण दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त हळूहळू खाली उतरायला वेळ मिळायचा. पायऱ्या चढताना ठोके वाढले की आखडतो तो मुख्यतः हा मधला, भरण्याचा वेळ. दार लहान आणि त्यात वेळही कमी. म्हणून धाप. खालचा पंप बिचारा मिळेल तेवढ्यातलं ६० टक्के इमानाने फेकत होता.

आणि झडप गळत असेल तर हाच ६० आकडा उलट फसवतो. मायट्रल झडप नीट मिटत नसेल तर पंपातलं काही रक्त मागच्या मागे वरच्या कप्प्यात जातं. तेही 'फेकलेलं' म्हणून ईएफमध्ये धरलं जातं आणि आकडा फुगतो. म्हणूनच झडपेची गळती तीव्र असताना ईएफ ६० वर किंवा त्याखाली आला, तर पंप थकायला लागला असं धरून डॉक्टर ऑपरेशनचं बोलू लागतात. काकांच्या ३५ शी तुलना करून ६० ला साखर ठेवणारे आम्ही एकटेच नसू, असं मला वाटतं.

आता मापाकडे येते. १९७० च्या दशकापर्यंत झडपेच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब कळायचा खात्रीचा मार्ग एकच होता: नळी आत घालणं. मांडीच्या शिरेतून कॅथेटर उजव्या कप्प्यात न्यायचा, तिथला मधला पडदा सुईने भोसकून डावीकडे शिरायचं, दुसरा कॅथेटर धमनीतून उलटा खालच्या कप्प्यात न्यायचा आणि दोन्हीकडचे दाब एकाच वेळी नोंदायचे. आधीच धापा टाकणाऱ्या माणसावर हे सगळं. गरोदर बाईचं कसं करायचं, दर वर्षी पुन्हा कसं करायचं, हे प्रश्न होतेच.

ध्वनीने हृदय पाहायची सुरुवात मात्र झाली होती. स्वीडनमधल्या लुंड गावात इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेलमुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी १९५३ मध्ये हृदयावर पहिल्यांदा अल्ट्रासाउंड लावला. त्यांनी पहिल्यांदा वापरून पाहिलेलं यंत्र धातूतले तडे शोधायचं होतं, माल्म्योच्या जहाज कारखान्यातून उसनं आणलेलं. झडपेचा पडदा हलताना कागदावर रेघ उमटू लागली. पण हलतो कसा हे दिसलं तरी दाब किती, हे त्यातून कळत नव्हतं.

इथे डॉप्लर येतो. पुण्यात घोरपडीच्या रेल्वे फाटकाशी उभं राहिलेल्याला हा समजावून सांगावा लागत नाही. गाडी जवळ येताना हॉर्नचा सूर चढा लागतो आणि समोरून निघून गेली की एकदम उतरतो. ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ मध्ये हा नियम मांडला तो मात्र ताऱ्यांच्या रंगांबद्दल. आमच्या विद्यार्थ्यांना मी नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण दाखवायला नेते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. दूरच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनचा वेग तिथे याच नियमाने काढतात. इकोच्या खोलीत ताऱ्यांच्या जागी लाल रक्तपेशी असतात. प्रोबने आवाज सोडायचा, पळत्या पेशींवरून तो परत येतो, आणि वारंवारता किती बदलली त्यावरून पेशींचा वेग कळतो.

या हिशेबातली एक गोष्ट मला फार आवडते. शरीरात आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. प्रोबची वारंवारता सेकंदाला २० लाख कंपनं धरली आणि रक्ताचा वेग सेकंदाला १ मीटर, तर परतलेल्या आवाजातला फरक निघतो सुमारे २६०० कंपनांचा. प्रोबचा मूळ आवाज माणसाला ऐकू येणं शक्य नाही, पण हा फरक थेट आपल्या कानाच्या टप्प्यात पडतो. इको करताना मशीनमधून जो 'फुस्स, फुस्स' येतो, तो यंत्राने सजवून दिलेला नसतो. तो या फरकाचाच आवाज, तुमच्या रक्ताच्या वेगाचा.

आणि हाटलेबाईंनी सुरुवात केली ती कानानेच. ट्रॉनहाइममध्ये ब्यॉर्न आंगेलसेन या अभियंत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात रक्ताचा वेग मोजणारं डॉप्लर यंत्र बांधलं, पेडॉफ नावाचं. त्यावर हृदयाचं चित्र दिसायचं नाही. प्रोब छातीवर ठेवायचा, मिलिमीटर-मिलिमीटर कलवत राहायचं आणि सूर सर्वात स्वच्छ, सर्वात उंच कुठे लागतो ते ऐकायचं. तंबोरा लावणाऱ्याला हे लगेच कळेल. सूर लागला की तुमचा प्रोब रक्ताच्या धारेच्या बरोबर समोर आहे.

वेग मिळाला, पण डॉक्टरांना हवा होता दाब. दोहोंना जोडणारं सूत्र अठराव्या शतकापासून पुस्तकात होतं, बर्नुलीचं. नळाच्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात उडते. जितकी वाट अरुंद आणि मागचा दाब जास्त, तितका वेग जास्त. ओस्लोच्या यार्ले होलेन यांनी १९७६ मध्ये मायट्रल झडपेसाठी डॉप्लरचा वेग आणि हे सूत्र एकत्र आणलं. हाटले आणि आंगेलसेन यांनी त्याला अगदी सुटसुटीत रूप दिलं: दाबातला फरक म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले ४.

हे ४ कुठून आले, हे मी दर वर्षी फळ्यावर काढून दाखवते. सूत्रात घनतेचा निम्मा भाग येतो. रक्ताची घनता घनमीटरला साधारण १०६० किलो, निम्मे ५३०. हे झाले पास्कलमध्ये. आपण बीपी मोजतो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, आणि असा एक मिलिमीटर म्हणजे १३३ पास्कल. ५३० भागिले १३३, झाले जवळजवळ ४. घर्षण सोडून दिलंय, झडपेच्या अलीकडचा मंद वेग सोडून दिलाय, तरी चालतं, कारण अरुंद झडपेत पलीकडचा वेगच इतका मोठा असतो. वर्गातल्या मुलांनी घोकलेलं समीकरण एका माणसाच्या छातीवरची सुई वाचवतं, हे सांगताना माझा आवाज अजूनही थोडा बदलतो.

मायट्रलमधून रक्त सेकंदाला २ मीटर वेगाने उतरत असेल, तर फरक ४ गुणिले ४, म्हणजे १६. महाधमनीची झडप अरुंद होऊन वेग ४ मीटरवर गेला, तर ६४. या झडपेच्या बाबतीत ४ मीटर ही तीव्र आजाराची खूण आजही मानली जाते.

हाटलेबाईंचं मोठेपण मला सूत्रापेक्षा पुढच्या कामात दिसतं. त्यांनी डॉप्लरचे आकडे कॅथेटरच्या आकड्यांशी ताडून पाहिले, रुग्णामागून रुग्ण. १९७८ मध्ये मायट्रलच्या दाबावरचा लेख आला, १९७९ मध्ये त्याच झडपेच्या क्षेत्रफळावरचा, १९८० मध्ये महाधमनीच्या झडपेवरचा, आणि १९८२ मध्ये आंगेलसेन यांच्यासोबत लिहिलेलं पुस्तक, ज्यावर जगभरातले इको करणारे डॉक्टर शिकले.

१९७९ चा लेख म्हणजे आत्याच्या ०.९ चं उत्तर. सोसायटीच्या गच्चीवर दोन टाक्या शेजारी आहेत आणि मध्ये पाइप आहे, असं धरा. एक भरलेली, एक रिकामी. पाइप जाड असेल तर पातळ्या पटकन जुळतात, बारीक असेल तर फरक रेंगाळतो. तसंच दोन कप्प्यांचं. झडप उघडल्या क्षणी दाबात जो फरक असतो, तो निम्मा व्हायला किती वेळ लागला ते मोजायचं. कॅथेटरच्या आलेखांवर ही कल्पना आधी कोणी मांडली होती, हाटलेबाईंनी ती डॉप्लरच्या रेघेवर आणली. दाब वेगाच्या वर्गावर चालतो, म्हणून वेग ७० टक्क्यांवर उतरला की दाब निम्मा झाला असं समजायचं. त्यांच्या निरीक्षणात हा वेळ २२० मिलिसेकंद असला की झडप सुमारे १ चौरस सेंटिमीटर भरायची. त्यावरून साधा भागाकार आला: २२० भागिले हा वेळ. आत्याच्या रिपोर्टमध्ये 'पीएचटी २४४' लिहिलं होतं, पीएचटी म्हणजे हाच वेळ. २२० भागिले २४४, ०.९. कागदावर हा भागाकार करून पाहिला तेव्हा मला रडू आलं.

या पद्धतीला एक काळजी फार लागते. प्रोब धारेच्या सरळ रेषेत नसेल तर वेग कमी दिसतो. २० अंश तिरका असेल तर ६ टक्क्यांनी कमी, ६० अंश तिरका असेल तर थेट निम्मा. आणि दाब वेगाच्या वर्गावर, म्हणजे निम्म्या वेगाला दाब पाव भागच दिसणार. तिरक्या प्रोबने आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. म्हणून महाधमनीची झडप तपासताना चांगला तंत्रज्ञ डाव्या कुशीवर वळवतो, मग उजव्या, मग मानेच्या खळगीत प्रोब टेकवतो. पेशंटला वाटतं, याला सापडत नाहीये. तो खरं तर सर्वात उंच सूर शोधत असतो. त्याला घाई करू नये. रक्ताचा ओघ मुळातच कमी असेल, तरी आकडा लहान येतो. नळ अर्धाच उघडा असेल तर पाइपवर अंगठा दाबूनही धार मिळमिळीतच पडते. एकट्या एका आकड्यावर निर्णय न घेण्याचं कारण हेच.

पुढे हाटलेबाई झडपांवरून हृदयाच्या भरण्याकडे वळल्या, आणि हे त्यांच्या कारकिर्दीचं दुसरं पर्व. १९८८ मध्ये स्टॅनफर्डमधल्या ॲपलटन आणि पॉप यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं की निरोगी मायट्रल झडपेतून रक्त कसं उतरतं, यावरून खालच्या कप्प्याचा स्वभाव कळतो. रिपोर्टमध्ये 'ई' आणि 'ए' असतात ते हेच. हृदय सैलावलं की आधी रक्त आपोआप आत ओढलं जातं, ती ई लाट. शेवटी वरचा कप्पा उरलेलं ढकलतो, ती ए लाट. तरुणपणी ई मोठी. वयाने किंवा वर्षानुवर्षांच्या बीपीने स्नायू सैलावायला उशीर करू लागला की ए मोठी होते. आजार अजून वाढून वरच्या कप्प्यातला दाब चढला, की ई पुन्हा मोठी दिसू लागते आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. पंप उत्तम आकुंचन पावतो, ईएफ ६०, आणि तरी माणूस धापा टाकतो, याचं दुसरं मोठं कारण हे ताठर हृदय.

१९८९ चं त्यांचं काम तर आपल्या देशासाठी मला खास मोलाचं वाटतं. हृदयाभोवतीची पिशवी जाड आणि कडक होऊन हृदयाला आवळते, असा एक आजार आहे, आणि आपल्याकडे त्याच्यामागे बऱ्याचदा क्षयरोग असतो. स्नायूच कडक होण्याच्या दुसऱ्या आजारात लक्षणं हुबेहूब तशीच: पोटात पाणी, पायांना सूज, मानेच्या शिरा फुगलेल्या. पण पिशवी आवळलेली असेल तर ती ऑपरेशनने सोलून काढता येते आणि माणूस बरा होऊ शकतो. स्नायू कडक असेल तर ते ऑपरेशन व्यर्थ. हाटलेबाईंनी सांगितलं, श्वासाकडे बघा. आवळलेल्या पिशवीत श्वास आत घेताना डावीकडचं भरणं ठळकपणे घटतं, उजवीकडचं वाढतं. कडक स्नायूत असा फरक जवळजवळ पडत नाही. पेशंटला फक्त श्वास घ्यायला सांगायचं.

आत्याची झडप बिघडली कशी, तेही सांगायला हवं. १९६९ साली कसबा पेठेतल्या वाड्यात, ती अकरा वर्षांची असताना, तिचा घसा दुखला. गुळण्या झाल्या, हळद-दूध झालं. दोन-तीन आठवड्यांनी ताप आला आणि गुडघे, मग घोटे सुजले. सांधे पंधरा दिवसांत बरे झाले आणि सगळे ते विसरले. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूशी लढायला शरीर जी हत्यारं काढतं, ती काही मुलांमध्ये स्वतःच्याच झडपांवर चालतात, कारण दोघांच्या घडणीत साम्य असतं. झडपेच्या पडद्यांच्या कडा वर्षानुवर्षं हळूहळू चिकटत जातात. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू झालं, तर हा ताप, म्हणजे रुमॅटिक फीवर, टळतो. आणि देशातला पहिला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, तेव्हा पिंपरीत होता, १९५५ पासून चालू. त्या वाड्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. औषध इतकं जवळ होतं. साध्या घशाला त्याची गरज पडू शकते, हे आजीला सांगणारं कोणी जवळ नव्हतं. ज्या मुलांना हा ताप येऊन गेलाय, त्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. ते फार दुखतं. तरी कृपा करून चुकवू नका.

आत्याची झडप अजून लवचीक होती, वरच्या कप्प्यात गुठळी नव्हती, म्हणून छाती उघडावी लागली नाही. कानजी इनोउए या जपानी शल्यचिकित्सकाने १९८२ मध्ये पहिल्यांदा वापरलेला फुगा आजही याच कामाला येतो. मांडीतून नेऊन चिकटलेल्या झडपेत तो फुगवतात आणि जुळलेल्या कडा उसवतात. झडप फार कडक, चुना साचलेली असती, तर ती बदलावी लागली असती. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत शल्यचिकित्सक वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली भारतीय झडप १९९० च्या डिसेंबरपासून माणसांत बसवली जात आहे.

फुगा झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी उत्साहाने २२० भागिले करायला कागद काढला, तर डॉक्टरांनी थांबवलं. फुग्यानंतर लगेच वरच्या कप्प्याचा दाब आणि ताण इतक्या झपाट्याने बदललेला असतो, की एक-दोन दिवस हा भागाकार चुकतो. तेव्हा झडपेचं तोंड पडद्यावर कडेकडेने रेखून मोजतात. तसं मोजलं ते १.८ भरलं. त्या रात्री आत्या एका उशीवर झोपली.

तेव्हापासून मी एका वहीत तिचे आकडे लिहिते. पहिल्या सहा महिन्यांच्या तपासणीला पीएचटी १२२, म्हणजे १.८. मग १३०. मग १३८. कडा पुन्हा थोड्या थोड्या जवळ येतात, हे अपेक्षितच असतं. मध्ये ठोके अनियमित झाले, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे आणि तिची रक्ततपासणी ती एकदाही चुकवत नाही. गेल्या वर्षी १५७ आला, म्हणजे १.४. इकोच्या खोलीत ती आता डाव्या कुशीवर वळली की डोळे मिटून ऐकत असते, आणि आवाज स्वच्छ लागला की तंत्रज्ञाच्या आधी म्हणते, "हं, लागला बघ." पुढची तारीख डिसेंबरातली आहे.